यादीत नसलेले साहेब

शशिकांत पेडणेकरांना 'सुमंगल' सोसायटीत साहेब कोणी केलं, असं विचाराल तर सरकारने नव्हे, एका जीपच्या बिघडलेल्या दाराने केलं. ही गोष्ट सोसायटीत फक्त मनोरमाला ठाऊक होती. ती त्यांची बायको असल्यामुळे कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

शशिकांत राज्य सरकारच्या एका महामंडळात अधीक्षक होते. अधीक्षक हा शब्द ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात ती खुर्ची कारकुनांच्या वर आणि अधिकाऱ्यांच्या खाली, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणी खाणारी. महामंडळाची एक दुरुस्तीची जीप होती. कुठे बिघाड झाला की ती अवेळी धावायची, म्हणून रात्री ती ड्रायव्हरच्याच दारात उभी राहायची. तो ड्रायव्हर, बबन म्हात्रे, राईगावचा. संध्याकाळी जीप घेऊन घरी जाताना भाईंदर पूर्व त्याच्या वाटेवरच पडायचं. एकदा तो म्हणाला, "पेडणेकरसाहेब, बसा, सोडतो." पेडणेकर बसले. जीपचं डावं दार आतून उघडत नव्हतं. त्यामुळे केबिन रोडवर सोसायटीच्या गल्लीत जीप थांबली की बबनला उतरून, वळसा घालून, बाहेरून दार उघडावं लागायचं.

आता बघणाऱ्याला काय दिसतं? पांढरी सरकारी जीप, पुढे शासनाची पाटी, ड्रायव्हर उतरतो, अदबीने दार उघडतो आणि आतून पेडणेकर बाहेर पडतात. आणखी कसला पुरावा हवा? पहिल्याच संध्याकाळी वॉचमनने सलाम ठोकला. शशिकांत वर येऊन हसत हसत म्हणाले, "मनोरमा, आज मला सलाम मिळाला!" दोघं पोट धरून हसली. पंधरवड्याने सलाम चालूच होता, हसणं मात्र बंद झालं होतं. सोसायटीच्या सभेत पुढची खुर्ची मिळू लागली. गणपतीच्या वर्गणीत पहिली पावती साहेबांची, असा रिवाज पडला. हळदीकुंकवाला मनोरमाची ओळख 'साहेबांच्या मिसेस' अशी होऊ लागली. खोटं कशाला बोला, तिलाही ते गोड वाटायचं. दार बिघडलंय म्हणून ड्रायव्हर उतरतो, एवढं एक वाक्य तेव्हा बोलायला हवं होतं. दोघांपैकी कोणीही ते बोललं नाही आणि बारा वर्षं गेली.

या बारा वर्षांत पेडणेकरांचं घर वाढत गेलं. शेजारची वन रूम किचन विकत घेऊन मधली भिंत पाडली. लेक अनुष्का फिजिओथेरपीला गेली, तिची फी ऐकून माणसाने खाली बसावं अशी. गाडीही आली. सोसायटी म्हणायची, साहेबांच्या घरात काय कमी?

कमी काही नव्हतं, पण ते साहेबांमुळे नव्हतं. मनोरमा रोज डबा घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यावर जायची. तिथे नकली दागिने बनायचे, मंगळसूत्रं, ठुशा, बांगड्या. गाळा मिनल शाहचा आणि तिचा, भागीदारीत. व्यापाऱ्यांशी बोलणं मिनलचं, नमुने बनवणं मनोरमाचं. तिने बसवलेली एक ठुशी नागपूरपासून बेळगावपर्यंत चालली होती. हाताखाली पंधरा-सोळा बायका होत्या. पण विचारलं की ती सांगायची, "मिनलबेनचा गाळा आहे, मी आपली मदतीला जाते." आणि शशिकांत चारचौघांत म्हणायचे, "घरी बसून वेळ जात नाही तिचा." हे ती शेजारी उभी असताना म्हणायचे. तिला दर वेळी थोडं टोचायचं आणि दर वेळी ती मान डोलवायची.

त्यातही आणखी एक पदर होता. किती मिळतात, असं एकदा शशिकांतनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "महिन्याला साठेक हजार तर ठुशांचेच..." खरा आकडा त्याच्या दुप्पटीहून जास्त होता. तेव्हा त्यांचा चेहरा साठ ऐकूनच उतरला होता. पुढचं तिने तोंडातच ठेवलं. नंतर त्यांनी कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. सोसायटीपासून एक गोष्ट लपवायची, तर नवऱ्यापासून अर्धी, असा तिचा संसार चालला होता. तसा तो छान चालला होता.

मग ती यादी आली.

कोणीतरी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, वर अपील झालं आणि शेवटी महामंडळाने आपल्या वेबसाइटवर वर्षाला पंधरा लाखांच्या वर घेणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं टाकली. नाव, हुद्दा, एकूण कमाई. जनतेचा पैसा कुठे जातो ते जनतेला कळू दे. मनोरमाला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिच्या नवऱ्याचा पगार त्या रेषेच्या बराच खाली होता, तेव्हा आपला काय संबंध, असं समजून ती पोळ्या लाटायला गेली. चूक झाली ती इथेच. संबंध होता तो यादीत नाव नसण्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या सुचेताने बेल वाजवली. सुचेता बालवाडीची शिक्षिका, मनाने चांगली, पण बातमी पोटात ठेवली तर तिला अपचन व्हायचं. हातात मोबाइल. "मनोरमाताई, साहेबांचं नाव सापडत नाहीये हो. मी दोनदा वरपासून खालपर्यंत बघितलं. चष्मा लावून."

"नसेल," मनोरमा म्हणाली.

"नसेल कसं? हे बघा, बबन म्हात्रे, वाहनचालक. म्हणजे तुमचा ड्रायव्हर आहे, आणि साहेब नाहीत?"

बबन होता खरा. त्याचं कारणही सरळ होतं. वर्षभर अवेळी जीप पळवायची तर ओव्हरटाइम होतो, त्यात वेतन आयोगाची अडकलेली थकबाकी त्याच वर्षी एकदम हातात पडली. निवृत्तीला आलेला माणूस, मूळ पगारही चढलेला. हे मनोरमाला कळत होतं. पण सुचेताला समजावायचं तर बबन आपला ड्रायव्हर नाही, इथपासून सुरुवात करावी लागली असती. ती म्हणाली, "कंप्युटरची चूक असेल," आणि दार लावून घेतलं.

सुमंगल सोसायटीने त्या दिवशी जे गणित मांडलं ते ऐकण्यासारखं होतं. ड्रायव्हरला पंधरा लाखांच्या वर, आणि त्याच्या साहेबाला पंधरा लाखसुद्धा नाहीत? बरं, नाहीत म्हणू. मग भिंत पाडून घर मोठं झालं ते कशावर? फी कशावर? गाडी कशावर? बायको बिचारी वेळ घालवायला मणी ओवते. म्हणजे उत्तर एकच उरलं. पगार कमी आणि ऐट जास्त, तर मधला फरक टेबलाखालून येतो.

अनुष्का संध्याकाळी कॉलेजमधून आली ती बॅग सोफ्यावर फेकतच. "आई, खाली पार्किंगमध्ये बोलतायत, बाबा पैसे खातात म्हणून. मी पाठीमागेच उभी होते. बाबा! जे ऑफिसचं पेन घरी आणत नाहीत! मी आत्ता खाली जाऊन सांगते, घर आई चालवते म्हणून."

"तू कुठेही जायचं नाही."

"का पण?"

"तुझ्या बाबांना विचारल्याशिवाय नाही."

"आई, तुला कळतंय का, लोक त्यांना चोर म्हणतायत."

मनोरमाला कळत होतं. तिला दुपारपासून तेवढंच कळत होतं. गाळ्यावर एका ठुशीचे मणी तिने उलटे ओवले होते आणि मिनलने विचारल्यावर सगळं सांगून टाकलं होतं. मिनल म्हणाली होती, "मनोरमाबेन, आप बोल क्यों नहीं देते? अपना तो एकेक पैसा बँक में आता है. टॅक्स भरते हैं. इसमें शरम कशाची?" शरम पैशाची नव्हतीच. नवऱ्याची अब्रू एका हातात आणि त्याचा रुबाब दुसऱ्या हातात, अशी ती अडकली होती. अब्रू वाचवायची तर रुबाब खाली सोडावा लागणार होता. आणि तो रुबाब काही तिचा नव्हता, परस्पर सोडून द्यायला.

शशिकांतना बातमी लागली होतीच. ते त्या दिवशी जीपमधून न येता रिक्षाने आले आणि जेवणं होईपर्यंत टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता. मनोरमाने ताटं आवरली आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"अहो, उद्या यतीनला सांगून टाकू या. तो सेक्रेटरी आहे, ग्रुपवर दोन ओळी टाकेल. पगार एवढा, बाकीचं गाळ्याचं. संपला विषय."

"नको."

"नको काय? तुम्हाला लाच खाणारा म्हणतायत!"

शशिकांत खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणू देत. लाच खाणारा म्हणतात, पण साहेबच म्हणतात ना? सांगितलं तर काय म्हणतील? बायकोच्या जिवावर... आणि बबनच्या गाडीत फुकट..." त्यांनी वाक्य अर्धवटच सोडलं.

मनोरमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग लक्षात आलं की बरोबरच ऐकलं आहे आणि तिचं डोकं फिरलं. "तीस वर्षं नोकरी केलीत. दिवाळीत ठेकेदाराने पाठवलेला सुक्या मेव्याचा डबा तुम्ही परत पाठवलात, अनुष्का रडली होती तेव्हा त्या काजूंसाठी. त्या डब्याची तरी लाज राखा! चोर म्हटलेलं चालतं आणि साधा माणूस म्हटलेलं चालत नाही?"

"तुला नाही कळणार."

"नकोच कळायला," ती म्हणाली आणि उठून गेली. इतकी वर्षं ती ज्या रुबाबाला जपत आली, तो असा सडका निघेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला त्यांचा राग आला, त्याहून जास्त कीव आली आणि सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा. खतपाणी तिनेच घातलं होतं.

दोन दिवसांनी यतीन आला. सोसायटीचा सेक्रेटरी, पस्तिशीचा, बँकेत नोकरीला, घाईत बोलणारा. हातात पेढ्यांचा पुडा. मनोरमा मनातून हबकली. साहेबांना पुढच्या खुर्चीवरून उठवायला कोणी पेढे घेऊन येत नाही.

"साहेब, रविवारी सभा आहे. पुनर्विकासाची." सुमंगल जुनी झाली होती, गच्ची गळत होती आणि दोन बिल्डर फेऱ्या मारू लागले होते. "समिती नेमायचीय. अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलंय. एकमताने!"

यादी आल्यापासून पहिल्यांदाच शशिकांतच्या चेहऱ्यावर रंग आला. "माझं? म्हणजे, अजूनही?"

"अजूनही काय, आता तर नक्कीच!" यतीनने आवाज उतरवला आणि मनोरमाकडे बघून ओशाळं हसला. "वहिनी, घरातलीच गोष्ट आहे म्हणून बोलतो. साहेब, सरळमार्गी माणूस बिल्डरसमोर टिकत नाही. शिंदेकाका होते ना गेल्या वेळी बोलणी करायला, गीता वाचणारे? बिल्डरने दोन चहांत गुंडाळलं. फाइल कुठे अडते, कोणाला कसं सांभाळायचं, किती दिलं की हलते, हे ज्याला आतून ठाऊक आहे असा माणूस पाहिजे. तुम्ही त्यातले जाणकार. सोसायटीचं भलं करा, आणि तुमचं जे काय असेल ते... कोणी विचारणार नाही. हे मी सगळ्यांच्या वतीने सांगतो."

तो गेला. पेढ्यांचा पुडा टीपॉयवर तसाच राहिला. शशिकांत त्या पुड्याकडे असे बघत होते की जणू त्यातून काहीतरी बाहेर येईल. ते चिडले असते, ओरडले असते, तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "जाणकार म्हणाला मला."

"हो."

"तीस वर्षं..." ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. मनोरमाने लग्नानंतर त्यांना एकदाच रडताना पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा. ती जवळ गेली, खांद्यावर हात ठेवला, पण तोडगा सुचवला नाही. तो तिचा एकदा सुचवून झाला होता. आता ते जे करतील ते त्यांचं त्यांनी करायला हवं होतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. गाड्या बाहेर काढल्या होत्या, तरी जमिनीवर तेलाचे डाग होते आणि बायका साड्या सावरून बसत होत्या. एका पंख्याची वायर वरून खाली सोडलेली. यतीनने भाड्याने माइक आणला होता, जो एवढ्या जागेत लागतच नव्हता. पुढची खुर्ची साहेबांसाठी राखलेली होती. शशिकांत इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्या खुर्चीवर न बसता मनोरमाच्या शेजारी, मधल्या रांगेत बसले. ते काय करणार आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

यतीनने नाव सुचवलं. टाळ्या पडल्या. "साहेब, दोन शब्द," तो म्हणाला आणि माइक मागे पाठवला.

शशिकांत उठले. माइक हातात धरून उभेच राहिले. इतका वेळ की मागून कोणीतरी "बटण दाबा, बटण" असं सुचवलं. आपणच उठून बोलून टाकावं, असं मनोरमाच्या अगदी जिभेवर आलं. तिने ओठ घट्ट मिटले.

"मी साहेब नाही," शशिकांत म्हणाले. "मी अधीक्षक आहे. माझा पगार महिन्याला ब्याऐंशी हजार. कापून हातात एकोणसाठ येतात. म्हणून माझं नाव यादीत नाही. चूक कंप्युटरची नाही."

त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"बबन म्हात्रेंचं नाव आहे, कारण ते माझ्यापेक्षा जास्त राबतात. ते माझे ड्रायव्हर नाहीत. ती जीप दुरुस्तीची आहे. मी त्यांच्या गाडीत फुकट येतो. आणि ते उतरून दार उघडतात ते... ते दार आतून उघडत नाही म्हणून."

कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. सुचेताचा हात तोंडावर गेला होता.

"मी कधी कोणाचा एक पैसा घेतलेला नाही. फाइल कशी हलते ते मला ठाऊक नाही. माझ्याकडच्या फायली नियमाने हलतात, नाहीतर हलत नाहीत. त्यामुळे समितीला माझा उपयोग नाही." त्यांनी घाम पुसला. "आता विचाराल, घर कशावर चालतं. हिच्यावर. ती मदतीला जात नाही, गाळा तिचा आहे. निम्मा. वेळ जात नाही म्हणून जाते, असं मी सांगत आलो. ते खोटं होतं. तिला वेळच नसतो. रात्री पाय चेपून घ्यायलाही वेळ नसतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ठरवलं नसणार. ते आपलं निघून गेलं. मनोरमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बारा वर्षांचं टोचणं तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि आज ते सगळ्या सोसायटीसमोर, माइकवरून, त्यांनीच उचकटून बाहेर काढलं होतं.

मागच्या रांगेतून एकाने विचारलं, थोडं खवचटपणेच, "मग वहिनींचं किती येतं, ते पण कळू द्या. आज सगळं जाहीरच चाललंय."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. साठ, एवढंच म्हणायचं होतं. नवऱ्याने साठ ऐकलं होतं, सोसायटीने साठ ऐकलं असतं, सगळं जुळलं असतं. पण हा माणूस आत्ताच तिच्यादेखत, आपला पगार रुपयांत सांगून उभा होता. त्याच्या शेजारी उभं राहून खोटं बोलणं तिला जमेना. ती उठली.

"महिन्याला सरासरी एक लाख चाळीस," ती म्हणाली. "सणाच्या दिवसांत जास्त. टॅक्स भरून सांगतेय."

सगळ्यात आधी दचकले ते शशिकांत. माइक त्यांच्या हातातच होता. "किती?" हे त्यांचं किंचाळणं रस्त्यापर्यंत गेलं असावं. "अगं, मला साठ म्हणाली होतीस!"

मग मात्र पार्किंग फुटलं. बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. सुचेता ओरडली, "माझा पगारही ह्यांना खरा नाही सांगितलेला!" आणि तिच्या नवऱ्याने वळून बघितलं तसं आणखी हसू उसळलं. हसण्यात कुत्सित असं काही नव्हतं, निदान मनोरमाला तरी ते जाणवलं नाही.

यतीन हसत नव्हता. तो बिचारा कागद खालीवर करत होता. "ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण समितीचं काय? बिल्डरपुढे कोणाला उभं करायचं? साध्या माणसाला तो खिशात घालेल." काही जणांनी मान डोलावली. दोघं-तिघं उठून जायच्या बेतात होते.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे धाकूदादा काठी टेकत उभे राहिले. ही इमारत ज्या जागेवर उभी होती ती एकेकाळी त्यांच्या घरची. जागा देताना बिल्डरने त्यांना किती स्वस्तात गुंडाळलं होतं, हे ते सहसा बोलत नसत.

"आयका जरा," ते म्हणाले. "बिल्डर आदी काय बगतो? मानूस केवड्याला इकत भेटंल, त्ये बगतो. मी इकला गेलेलो हाय, मना ठाव हाय. ह्या पेडनेकराचा पगार आता पोराटोरांना पाठ झाला. बायकोचा पन. उद्या ह्याच्या घरात नवा सोफा आला तरी आपून इचारू, कुठून आनला. असा मानूस इकत घ्याला बिल्डरला परवडनार न्हाय. मना दुसरा कोन नको."

ते बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धाकूदादांनी स्वतःविषयी जे सांगितलं त्यानंतर टाळ्या वाजवणं बरं दिसलं नसतं. यतीनने घसा साफ केला आणि विचारलं, "पेडणेकर अध्यक्ष म्हणून कोणाला मान्य आहे?" त्याने साहेब म्हटलं नाही. ते त्याच्याही लक्षात आलं आणि तो गोंधळला.

सुचेता मध्येच म्हणाली, "आणि हिशेब बघायला मनोरमाताई. अख्खा गाळा चालवणारी बाई आहे ती." यतीनने तेही नाव लिहून घेतलं.

हात वर होऊ लागले. आधी पुढचे, मग बाजूचे. खवचट प्रश्न विचारणाऱ्याने जरा वेळ घेतला, मग त्यानेही केला. सगळ्यांचे काही झाले नाहीत. दोघं उठून गेले ते गेलेच. यतीन मोजण्यात गुंतला होता आणि त्या गडबडीत शशिकांत मनोरमाच्या कानाशी वाकले. त्यांचा चेहरा घामाने ओला होता आणि हलका दिसत होता.

"एक लाख चाळीस?"

"हो."

"मग साठ का सांगितलंस?"

"साठ ऐकूनच तुमचं तोंड उतरलं होतं. बघवलं नाही मला."

समोर लोक अजून हात वर करून होते. "म्हणजे मी सोसायटीला फसवत होतो आणि तू मला सांभाळत होतीस," ते म्हणाले.

मनोरमाने पदराने डोळे पुसले. त्यांनी तिचा हात हातात घेतला, सगळ्या पार्किंगसमोर. तसं त्यांनी घराबाहेर कधी केलं नव्हतं.

"आता नको सांभाळूस," शशिकांत म्हणाले. "आता सांगत जा."